गाडी येईपर्यंत



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. सातवी इयत्ता पास झालो आणि माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांतून. गेली तीस वर्षे मी ऊसतोड कामगारांत संघटनेचे काम करीत आहे. आजचा विषय वैद्यकाच्या अंगाने जाणारा असला, तरी मी तो वैद्य म्हणून मांडणार नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मांडणार आहे. आम्हा संघटनेच्या माणसांना एक सवय असते. कोणी म्हणाला, "पैसे कमी आले," की आम्ही विचारतो, "कुठे कमी आले? वजनात, दरात, की कपातीत?" आज आपण तोच प्रश्न वेळेच्या बाबतीत विचारू. खेड्यात माणूस सर्पदंशाने, भाजून किंवा विषबाधेने दगावला की "उशीर झाला" असे सगळेच म्हणतात. पण तो उशीर नेमका कुठे झाला?

एका रात्रीचा हिशेब

२०१६ च्या जानेवारीतील गोष्ट आहे. कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर, कालव्याच्या कडेला आमच्या कामगारांची एक टोळी उतरली होती. ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून लाखो माणसे साखर कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला "कोयता" म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढचे चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडायची, असा हा व्यवहार असतो. राहायला कोपी मिळते. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर ताडपत्री किंवा पाचट टाकलेली झोपडी. आत जमिनीवर पाचट पसरायचे, त्यावर गोधडी टाकायची आणि मुलाबाळांसह झोपायचे.

त्या टोळीतली एक तिशीची बाई त्या रात्री वारली. मण्यार चावली होती. मी सकाळी पोचलो तेव्हा साऱ्या टोळीच्या तोंडी एकच वाक्य होते : "गाडी वेळेवर आली असती तर वाचली असती." मीही तेच म्हणालो. त्या दिवशी मला एवढा संताप आला होता की दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते.

आठ दिवसांनी मी तिच्या नवऱ्याजवळ बसलो आणि त्या रात्रीच्या वेळा एकेक करून वहीत उतरवल्या. त्या अशा होत्या. रात्री तीन वाजता तिला पोटदुखीने जाग आली. शिळे खाल्ल्यामुळे दुखत असेल म्हणून ओवा दिला. चार वाजता तिला डोळे उघडे ठेवता येईनात. दुखणे थांबून झोप लागत आहे असे घरच्यांना वाटले. पावणेपाचला बोलणे तोतरे झाले, तोंडातून लाळ येऊ लागली, तेव्हा नवरा घाबरून मुकादमाकडे धावला. पाच वाजता मुकादमाने १०८ ला फोन लावला. पाच वाजून पन्नास मिनिटांनी गाडी कोपीवर आली. त्यांतली पंचवीस मिनिटे ती कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्याच टोळीकडे जाऊन परत येण्यात गेली होती. सहा-वीसला पहिले रुग्णालय आले. तेथे लस होती, परंतु श्वास चालू ठेवणारे यंत्र नव्हते. लस सुरू करून पुढच्या रुग्णालयात पाठवले. सातच्या आत, वाटेतच, तिचा श्वास थांबला.

नवरा मला म्हणाला, "भाऊ, नुसतं पोट दुखतंय म्हणली. मला काय ठावं?"

हा हिशेब मी पुन्हा पुन्हा वाचला. तिला जाग आल्यापासून सुमारे चार तास गेले होते. त्यांतले दोन तास कोपीतच गेले. गाडीची वाट पाहण्यात पन्नास मिनिटे गेली, आणि त्यांतलीही निम्मी केवळ जागा सापडेना म्हणून. उरलेला वेळ एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाण्यात गेला. "गाडी उशिरा आली" हे वाक्य खोटे नव्हते. पण ते चतुर्थांश सत्य होते. आणि चतुर्थांश सत्याच्या जोरावर केलेली मागणी नेहमी अपुरी पडते, हा आमच्या चळवळीचा जुना अनुभव आहे.

मोजला जाणारा वेळ आणि भोगावा लागणारा वेळ

आपल्या देशात १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि मग एकेक राज्याने ती उचलली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. त्या योजनेत ९३७ गाड्या होत्या. २३३ गाड्या गंभीर रोग्यांसाठी अधिक साधने असलेल्या आणि ७०४ साध्या. गाडीत डॉक्टर असावा, हे महाराष्ट्राच्या योजनेचे वैशिष्ट्य. ही मोठीच सुधारणा होती, आणि ज्यांनी त्याआधीची वर्षे पाहिली आहेत, रोग्याला झोळीत घालून नेणारी माणसे पाहिली आहेत, ते या सेवेला नावे ठेवणार नाहीत.

परंतु साधे गणित करून पाहू. आपल्या राज्यात चाळीस हजारांवर खेडी आहेत. त्या ९३७ पैकी पुष्कळ गाड्या शहरांत लागत हे क्षणभर विसरलो, तरी एका गाडीच्या वाट्याला चाळीसहून अधिक गावे येत. गाडी दहा किलोमीटरवर मोकळी उभी आहे असे धरले, आणि रात्रीच्या खेड्यातल्या रस्त्यावर ती ताशी चाळीसच्या वेगाने आली, तरी पंधरा मिनिटे लागतात. गाडी वीस किलोमीटरवर असेल तर अर्धा तास. ती दुसऱ्या रोग्याला घेऊन गेलेली असेल तर किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. यात कोणाचा आळस नाही, कोणाची लबाडी नाही. हे अंतराचे गणित आहे.

आता गाडीचा "प्रतिसादकाळ" म्हणजे काय ते पाहा. फोन लागला की घड्याळ सुरू होते आणि गाडी दाराशी आली की थांबते. रोग्याचे घड्याळ मात्र फोनच्या पुष्कळ आधी, दंश झाला किंवा पदर पेटला त्या क्षणी सुरू होते, आणि योग्य उपचार अंगी लागेपर्यंत थांबत नाही. सरकारी कागदावर येतो तो मधला तुकडा. पुढचा आणि मागचा तुकडा कोणाच्याच कागदावर नसतो. जे मोजले जात नाही त्याची मागणीही कोणी करत नाही.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी बाळंतपणातील मृत्यूंचा विचार करताना उशिराचे तीन भाग पाडले : उपचार घ्यावा हे ठरवण्यातला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. ही विभागणी बाळंतपणापुरती नाही. माझ्या वहीतल्या त्या रात्रीच्या वेळाही याच तीन कप्प्यांत नेमक्या बसतात. आपण त्यांना घरातला, वाटेवरचा आणि दारातला उशीर म्हणू.

घरातला उशीर

सर्पदंशाचेच उदाहरण पुढे चालवू, कारण तो आपल्या खेड्यांचा खरा प्रश्न आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला आहे. त्याआधीच्या, २०११ सालच्या पाहणीत असे दिसले होते की सर्पदंशाने मरणाऱ्या शंभरांपैकी सत्त्याण्णव माणसे खेड्यातली असतात आणि सत्त्याहत्तर माणसे दवाखान्याच्या बाहेरच मरतात. म्हणजे बहुसंख्य मृत्यू डॉक्टरच्या नजरेलाही पडत नाहीत.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. यांतली मण्यार घराच्या दृष्टीने सर्वांत घातकी. ती काळी, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असलेली, रात्री हिंडणारी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती झोपेतच चावते. दात बारीक असल्यामुळे खूण जेमतेम दिसते, सूज फारशी येत नाही, दुखतही नाही. पुष्कळदा माणसाला जाग येते ती पोटदुखीने किंवा घसा दुखून. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे तोतरे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रोगी मरतो तो श्वास बंद पडल्यामुळे. म्हणून अशा रोग्याला लसीइतकीच श्वासाला आधार देण्याची गरज असते. कोणी पिशवीने किंवा यंत्राने श्वास देत राहिले, तर विषाचा अंमल उतरेपर्यंत माणूस जगू शकतो.

हे ठाऊक असलेल्या घराने पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसताच तीन वाजून दहा मिनिटांनीच फोन केला असता. ठाऊक नसलेल्या घराने ओवा दिला. त्या नवऱ्याला मी अडाणी म्हणू काय? त्याला ही गोष्ट सांगणे कोणाचे काम होते? सरकारचे होते, कारखान्याचे होते, आणि सांगायला लाज वाटते, पण आमच्या संघटनेचेही होते. आम्ही दर वाढवून मागत होतो. मण्यारीबद्दल एकाही सभेत बोललो नव्हतो.

घरातल्या उशिराला अज्ञानाखेरीज आणखीही कारणे आहेत. रात्री उठवले तर मुकादम रागवेल ही धास्ती, दवाखान्यात खर्च किती येईल ही धास्ती, उद्याचा खाडा पडेल ही धास्ती. आणि आजारी बाई असेल तर "सकाळी बघू" हे ठरलेले. मांत्रिकाकडे नेणारे लोकही पुष्कळदा श्रद्धेपेक्षा अंतरामुळे नेतात. कारण मांत्रिक गावातच असतो, तो पैसे नंतर घेतो, आणि रात्री दार उघडतो.

वाटेवरचा उशीर

शहरात आपण फोन करून रस्ता, पेठ, घरक्रमांक सांगता. वस्तीवरचा माणूस काय सांगणार? परमुलखातून आलेल्या टोळीला तर पुष्कळदा गावाचे नावही नीट ठाऊक नसते. "कारखान्याच्या रस्त्याला, कॅनॉलच्या कडेला, आंब्याच्या झाडापाशी" असा आमचा पत्ता. त्या कालव्याच्या कडेला आंब्याची झाडे शेकडो आणि टोळ्या पाच.

त्या मृत्यूनंतरच्या हंगामात आम्ही एक अगदी साधी गोष्ट केली. पत्र्याचे फलक रंगवून घेतले आणि प्रत्येक टोळीच्या तोंडाशी एकेक लावला. त्यावर गावाचे व तालुक्याचे नाव, शेतमालकाचा गट क्रमांक, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव आणि १०८ चा आकडा. फोन करणाऱ्याने फलक वाचून दाखवायचा, एवढेच. शिवाय एक नियम केला की फोन झाला की दोन माणसांनी बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. फलकाला खर्च किती आला म्हणाल, तर एका कोयत्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी. एखाद्या वेळी अशा फलकाने वाचवलेली दहा मिनिटे विकत घ्यायची म्हटली, तर सरकारला एक नवी गाडी आणि डॉक्टर ठेवावा लागेल.

गाडी यायला वेळ लागणारच असेल, तर तिची वाट पाहत बसायचे की आपण निघायचे? हाही प्रश्न आधी ठरवून ठेवण्याचा आहे. दक्षिण-पूर्व नेपाळच्या काही गावांत एक प्रयोग झाला. तेथे लोकांना सर्पदंशाविषयी शिकवले, आणि गावातल्या मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांकडे रोग्याला ताबडतोब उपचार केंद्रात पोचवण्याचे काम दिले. त्याचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी दंश झालेल्या शंभरांत दहाहून अधिक माणसे मरत. प्रयोगानंतर हे प्रमाण दोनशेत एक इतके खाली आले. रोग्याला चालक आणि मागचा माणूस यांच्या मध्ये बसवून धरायचे, एवढीच युक्ती होती. मोटारसायकल आज आपल्या प्रत्येक वस्तीवर आहे. कोणाची, आणि रात्री किल्ली कोणाकडे मागायची, हे आधी ठरलेले मात्र नसते.

दारातला उशीर

आता तिसरा उशीर. रोगी दारात आला, पण आत औषध नाही, यंत्र नाही, किंवा "आमच्याकडे जागा नाही" असे उत्तर आहे. या बाबतीत एक न्यायनिवाडा प्रत्येक नागरिकाला ठाऊक असला पाहिजे. १९९२ च्या जुलैत पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या एका संघटनेचा सभासद रेल्वेतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोठे साधने नाहीत तर कोठे खाट नाही असे म्हणून, त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या मे महिन्यात निकाल लागला : तातडीच्या रोग्याला वेळेवर उपचार न देणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय, पैशाची टंचाई ही त्यावर सबब होऊ शकत नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली, आणि प्राथमिक केंद्रांत रोग्याची प्रकृती सावरण्यापुरती तरी साधने असावीत, रुग्णालयांत खाटांची माहिती ठेवणारी व्यवस्था असावी, असेही न्यायालयाने सांगितले. शेतमजुरांच्या एका संघटनेने हा हक्क साऱ्या देशाला मिळवून दिला, याचा मला संघटनेचा माणूस म्हणून अभिमान वाटतो.

परंतु हक्काचा निकाल कपाटात राहिला तर रोगी वाचत नाही. औषध जवळ आले तर वाचतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर काम करू लागले. कोकणात लाल विंचू फार. त्याच्या दंशाने गंभीर झालेल्या शंभर रोग्यांत तीस-चाळीस दगावत. हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरत असे. बावस्करांनी रात्र रात्र रोग्यांजवळ बसून निरीक्षणे केली, ती "लॅन्सेट" या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात १९८२ साली प्रसिद्ध झाली, आणि रक्तदाबावर वापरली जाणारी प्रॅझोसिनची स्वस्त गोळी या विषावर वापरता येते असे त्यांनी दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीतले मर्म लक्षात घ्या. महाडचा रस्ता रुंद झाला नव्हता, गाडीचा वेग वाढला नव्हता. औषध रोग्याच्या दिशेने दहा-वीस कोस चालत आले होते. अंतर दोन प्रकारांनी कमी होते. रोग्याला वेगाने पळवून, किंवा उपचार जवळ आणून. आपण पहिल्या प्रकाराबद्दल फार बोलतो आणि दुसरा विसरतो. सपाट मुलखात तीस हजार वस्तीला आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा सरकारी दंडक आहे. त्या प्रत्येक केंद्रात सापाच्या विषावरची लस, ती टोचण्याचे धैर्य असलेला डॉक्टर, आणि श्वास देण्याची पिशवी, या तीन गोष्टी रात्रीही हजर असतील, तर दारातला उशीर निम्मा कमी होईल. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे. ठराव चांगला आहे. तो पुरा होतो की नाही हे केंद्रातले कपाट उघडूनच कळेल. आमच्या टोळीचा एक माणूस आता हंगामाच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या केंद्रात जातो आणि नम्रपणे विचारतो, "साहेब, लस शिल्लक आहे का? रात्री कोण असते?" उत्तर तो वहीत लिहून ठेवतो.

सुरक्षितता ही वस्तू आहे

आता घराकडे वळू. "घरात काळजी घ्या" असा उपदेश खेड्यातल्या माणसाला करणे फार सोपे आहे. मला त्या उपदेशाची चीड येते, आणि त्याचे कारण सांगतो. पूर्वी गिरण्या-कारखान्यांत बोटे तुटली की मालक म्हणत, "कामगार बेसावध होता." १९४८ च्या कारखाना कायद्याने हे बोलणे बंद केले. फिरत्या चाकाला जाळी लावणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचाराची पेटी ठेवण्यास सांगितले. कायद्याने असे मानले की माणूस थकणार, पेंगणार, चुकणार. म्हणून सुरक्षितता त्याच्या सावधपणावर न ठेवता जाळीवर ठेवावी. सुरक्षितता हा उपदेश नाही, ती वस्तू आहे. तिला किंमत असते, आणि ती किंमत कोणी द्यायची हा प्रश्न असतो.

खेड्यातल्या घराला हाच विचार लावून पाहा. मण्यारीपासून वाचवणारी वस्तू म्हणजे खाट, आणि खाट नसेल तर गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी. नेपाळच्या तराईतल्या पाहणीतही मच्छरदाणीत झोपणारे लोक दंशापासून पुष्कळ सुरक्षित आढळले. रात्री बाहेर जायचे तर बॅटरी. सरपणाचा ढीग आणि धान्याची पोती झोपण्याच्या जागेपासून दूर, कारण धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. भाजण्यापासून वाचवणारी वस्तू म्हणजे ओट्यावर ठेवलेली चूल किंवा शेगडी, जिच्यात रांगते मूल जाऊन पडणार नाही. विजेपासून वाचवणारी वस्तू म्हणजे नीट केलेले अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह लागताच वीज तोडणारे बटण, ज्याला आपले वायरमन ईएलसीबी म्हणतात. विहिरीला कठडा. आणि शेतीच्या औषधांना कुलूपबंद पेटी. ती औषधे थंड पेयाच्या बाटलीत ओतून फळीवर ठेवायची नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसे मेली आणि शेकडो रुग्णालयात गेली. तेव्हा साऱ्या राज्याला कळले की हातमोजे आणि तोंडपट्टी याही चैनीच्या वस्तू नव्हेत.

म्हणून आम्ही मागणीपत्रात दराच्या खाली आता वस्तू लिहितो. प्रत्येक कोयत्याला एक मच्छरदाणी, एक बॅटरी, टोळीला एक प्रथमोपचाराची पेटी, एक फलक, आणि रात्रभर दिवा. पहिल्या वर्षी शेतकी खात्याचे लोक हसले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, पाहू. तिसऱ्या वर्षी काही ठिकाणी मच्छरदाण्या आल्या. सगळीकडे अजून आलेल्या नाहीत, आणि आमची खटपट चालू आहे.

गाडी येईपर्यंत काय करावे

वस्तूंइतकेच ज्ञानही हाताशी हवे. सर्पदंश झाला तर रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, हातापायाला फळी बांधून तो हलणार नाही असे करावे. अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात. करकचून दोरी बांधू नये, चीर देऊ नये, विष चोखू नये, आणि साप शोधण्यात वेळ घालवू नये. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, ओकारी आणि गार हातपाय अशी लक्षणे दिसली तर एक मिनिटही थांबू नये. भाजले तर वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे; बर्फ, शाई, दंतमंजन, हळद यांपैकी काही लावू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जोराने दाबून धरावे, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मुख्य बटण बंद करावे. शेतीचे औषध अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवावे. पोटात गेले तर ओकारी काढायला लावू नये, आणि डबा किंवा बाटली सोबत न्यावी. माणूस निपचित पडला आणि श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाबत राहावे. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार-सहा मिनिटांतच तो निकामी होऊ लागतो, आणि तेवढ्यात खेड्यात कोणतीही गाडी येऊ शकत नाही. तेव्हा जे हात जवळ आहेत तेच कामाला आले पाहिजेत.

आपण शहरातले लोक

आपण म्हणाल, हे सारे ऐकून आम्ही शहरातल्यांनी काय करावे? आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आज गावाकडच्या घरात एकटे राहतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांच्यासाठी मिठाईबरोबर एक मच्छरदाणी आणि एक चांगली बॅटरी न्या. फोनशेजारच्या भिंतीवर घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव आणि मोटारसायकलवाल्या शेजाऱ्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून या. तेथल्या केंद्रात जाऊन लस आहे का एवढे विचारा. विचारणारा कोणी आहे, हे कळले की कपाट रिकामे राहत नाही.

आणि आपण रोज चहात जी साखर घालता ती कोणाच्या तरी कोपीच्या वाटेने आपल्या घरी येते, हेही ध्यानात असू द्या. गाड्या वाढल्या पाहिजेत, रस्ते सुधारले पाहिजेत, यासाठी आम्ही भांडतो आहोत आणि भांडत राहू. पण खेड्यात पहिला अर्धा तास गाडीचा नसतो. तो घराचा आणि शेजाऱ्यांचा असतो. तो अर्धा तास रिकाम्या हातांनी काढायची पाळी माणसावर येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

त्या बाईची मुलगी आज सोळा वर्षांची आहे. ती ऊस तोडायला जात नाही, शाळेत जाते. मागच्या दिवाळीत टोळी निघताना तिने साऱ्या बायकांना जमवून मण्यारीची लक्षणे पाठ म्हणून घेतली. पोट, पापण्या, गिळणे, बोलणे, श्वास. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. मला तीस वर्षांत जे सुचले नव्हते ते काम ती मुलगी करीत होती.